तळणीच्या तेलाचे सोवळे-ओवळे

महाराष्ट्रातील कोणत्याही सुव्यवस्थित स्वयंपाकघरात, शेगडीच्या मागे, भिंतीला अगदी चिकटून, जाळीच्या झाकणाचे एक भांडे असते. त्यात तळणाचे उरलेले तेल असते, आणि त्या तेलाचे वय विचारणे हा गंभीर शिष्टाचारभंग समजला जातो. दिवाळीच्या चकल्यांतून जन्मास आलेले हे तेल पुढे कांदाभजी, कुरडया, जावयासाठी केलेल्या पुऱ्या अशा संस्कारांतून जात जात इतके गडद आणि इतके गंभीर होते, की त्यात आता काय तळावे हा प्रश्न मागे पडून ते कोणत्या भाजीच्या फोडणीत गुपचूप जिरवावे एवढाच प्रश्न उरतो. तेल टाकून देणे म्हणजे लक्ष्मीचा अपमान, आणि पुन्हापुन्हा तापवणे म्हणजे प्रकृतीस अपाय, हे दोन्ही सिद्धांत आपल्याकडे एकाच माणसाला एकाच वेळी मान्य असतात. आणि त्या दोहोंच्या कचाट्यात ते भांडे वर्षानुवर्षे स्थानबद्ध राहते.

सरकारच्या ध्यानात ही गोष्ट उशिरा आली, परंतु आली. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे एकूण प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्याच्या कामी वापरू नये, असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अमलात आणला, आणि ज्या व्यावसायिकास दररोज ५० लिटरांहून अधिक तेल लागते त्याने त्या तेलाचा हिशेब ठेवावा, असेही पुढे फर्मावले. हा हिशेब एका नामांकित भजीवाल्यास मी कुतूहलाने विचारला असता तो झारा न थांबविता म्हणाला, “साहेब, तेल संपले तर हिशेब! आमचे तेल संपतच नाही. कमी झाले की वरून भर घालतो.” या न्यायाने त्याच्या कढईत दुकानाच्या स्थापनेच्या दिवशीचे काही थेंब अद्यापि हयात असले पाहिजेत, आणि त्याच्या भज्यांना असलेली ती विख्यात चव हा केवळ पाककौशल्याचा भाग नसून इतिहासाचाही असला पाहिजे, हे माझ्या लक्षात आले; परंतु तोवर माझी दुसरी बशी संपत आली होती.

मोठ्या उपाहारगृहातून उतरलेले तेल फरसाणवाल्याकडे, फरसाणवाल्याकडून उतरलेले हातगाडीवर, आणि तेथून मध्यरात्री गटारात, हा जो तेलाचा परंपरागत अधोगतीचा मार्ग, तो वळवून तेलास डिझेल इंजिनाकडे न्यावे आणि त्याचे बायोडिझेल करावे, ही कल्पना मात्र मला मनापासून आवडली. पोटात जाण्यापेक्षा यंत्रात गेलेले बरे, आणि यंत्राला बोलता येत नसल्यामुळे ते तक्रारही करणार नाही, असा माझा समज होता. यंत्राइतका तक्रारखोर प्राणी भूतलावर दुसरा नाही, याचा प्रत्यय यायचा होता.

आमच्या पुण्यातील गृहरचना संस्थेत हा विचार शिरला तो जनित्राच्या वाटेने. वीज गेली की उद्वाहक चालावा म्हणून तळघराच्या तोंडाशी एक वृद्ध डिझेल जनित्र आहे, आणि त्याच्या इंधनाचा खर्च हा वार्षिक सभेतील वादाचा कायम विषय आहे. आमचे अध्यक्ष महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. कोणत्याही विषयाची सुरुवात त्याच्या मूळ दस्तापासून करावी, अशी त्यांची शिस्त. त्यांनी सभेस सांगितले, की १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहानसे डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालविण्यात आले. फ्रेंच सरकारच्या मनात आपल्या आफ्रिकेतील वसाहतींच्या भुईमुगाचा काही उपयोग करावा असे होते. आणि ते इंजिन इतके सुरळीत चालले, की ते तेलावर चालले आहे हे फारच थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आले, असे खुद्द रुडॉल्फ डिझेलसाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे.

“म्हणजे आपण शेंगदाणेवाले लोक मूळचे डिझेलवालेच की!” मागून कोणीतरी अभिमानाने म्हणाले.

“शेंगदाणा तेलाचा आजचा भाव ठाऊक आहे का?” खजिनदारांनी विचारले, आणि त्या अभिमानाचे तेथेच विसर्जन झाले.

ताजे तेल परवडत नसेल तर वापरलेले तेल जमा करावे, अशी सूचना मग आली, आणि पहिल्या मजल्यावरचे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक उभे राहिले. निवृत्तीनंतर प्रथमच आपणहून ऐकायला बसलेला वर्ग त्यांना लाभला होता. तेल जसेच्या तसे जनित्रात ओतता येणार नाही, असे त्यांनी बजावले. ते डिझेलच्या कैक पट दाट असल्यामुळे नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते आणि इंजेक्टरच्या तोंडाशी कोळसा धरते. तेव्हा त्यात मिथिल अल्कोहोल आणि थोडे कॉस्टिक घालून तेलाच्या रेणूतील ग्लिसरीन सोडवावे लागते आणि त्याच्या जागी अल्कोहोल जोडावे लागते; ग्लिसरीन तळाशी बसते, आणि वर राहते ते बायोडिझेल.

“म्हणजे आधी घटस्फोट आणि लगेच पुनर्विवाह,” कोणीतरी सारांश काढला.

“आणि ग्लिसरीनची पोटगी,” प्राध्यापक म्हणाले. रसायनशास्त्रावर हशा पिकल्याचा आमच्या संस्थेच्या इतिहासातील हा एकमेव प्रसंग होय. ठराव सर्वानुमते संमत झाला, आणि ज्याचे अक्षर वाचता येते तो चिटणीस या जुन्या रूढीस अनुसरून सर्व कामे माझ्याकडे आली.

पैकी परवानगीच्या कामाबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पहिल्या कचेरीत मला सांगण्यात आले, “तेल खाण्यास अयोग्य झाले म्हणता ना? मग ते अन्न उरले नाही. आमचा संबंध संपला.” दुसऱ्या कचेरीत, “अजून इंधन झाले नाही ना? मग आमचा संबंध सुरू व्हायचा आहे.” तिसऱ्या कचेरीत कचऱ्याचा विचार होत असे, तेथील कारकुनाने माझा अर्ज दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाला, “तुम्ही तर हे वापरणार म्हणता. मग हा कचरा कसा?” सोबत जोडलेल्या नमुन्याच्या बाटलीचे बूच सैल असल्यामुळे अर्जाचा कागद तोवर इतका पारदर्शक झाला होता, की बारनिशीचा शिक्का उमटेना, आणि जे बारनिशीत चढले नाही ते आलेलेच नाही, हे तत्त्व आमच्या अध्यक्षांनीच मला पूर्वी समजावून सांगितले होते. अखेर प्राध्यापकांनी आपल्या जुन्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, तेथील मंडळींच्या देखरेखीखाली, थोडेसे तेल प्रयोगादाखल करून पाहावे, असे ठरले.

खरा प्रश्न उभा राहिला तो तेल गोळा करताना. जिन्याखाली एक पिंप ठेवले, आणि दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हरकत नोंदविली: दुसऱ्या मजल्यावर मालवणचे कुटुंब राहते, त्यांच्याकडे बांगडे तळतात, ते तेल आणि आमच्या अनारशांचे तेल एका पिंपात? तेव्हा दोन पिंपे आली, आणि त्यांवर मी स्वहस्ते हिरवा आणि तांबडा ठिपका काढला. मग केवळ अंडे खाणाऱ्या एका कुटुंबाने आपण नेमके कोणत्या ठिपक्याचे, अशी लेखी विचारणा केली. त्यांच्यासाठी बरणी आली. उपवासाचे तळण ज्या तेलात होते ते धान्याच्या तेलात मिसळू नये, म्हणून एका आजींनी स्वतंत्र डबा पाठविला, आणि चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या एका गृहस्थांनी कार्तिकीपर्यंतचे तेल वेगळे धरावे असा आग्रह धरला. जिन्याखाली जागा उरली नाही. प्राध्यापक परोपरीने सांगत होते, की क्रिया झाल्यावर हे सर्व मिथिल एस्टरच होते, त्यात बांगडा नाही आणि अनारसाही नाही, त्यावर काकू एवढेच म्हणाल्या, “तुमच्या त्या एस्टरला काय कळतंय?”

तेलात कॉस्टिक किती घालावे हे ठरविण्यासाठी प्रथम त्यातील मोकळ्या आम्लाची मोजणी करावी लागते. एक मिलिलिटर तेल अल्कोहोलात विरघळवावयाचे, फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकावयाचे, आणि कॉस्टिकचे सौम्य द्रावण थेंबाथेंबाने सोडीत ते गुलाबी होईपर्यंत वाट पाहावयाची. तेल जितके जास्त वेळा तापलेले, तितके गुलाबी होण्यास अधिक द्रावण लागते. प्राध्यापकांनी ही मोजणी एका रविवारी सकाळी गच्चीवर, सभासदांच्या समक्ष आणि घरनिहाय करण्याचे योजिले. ज्ञानप्रसाराचा हेतू निर्मळ होता. परंतु त्या नळीत जे मोजले जात होते ते आम्ल नसून प्रत्येक घरातील कढईचे गुपित आहे, ही गोष्ट पहिले दोन नमुने होईपर्यंत कोणाच्याच ध्यानात आली नाही.

“आमच्याकडे तेल दुसऱ्यांदा कढईत जात नाही हो,” असे ज्या काकू सबंध इमारतीस बारा महिने ऐकवीत, त्यांच्या तेलात प्राध्यापक थेंब सोडीत गेले, सोडीत गेले. दोन मिलिलिटर झाले, चार झाले, सहा झाले, तरी तेल आपला पिवळा बाणा सोडीना. गच्चीवर इतकी शांतता पसरली की खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला स्पष्ट ऐकू येऊ लागला. साडेसहाला अखेरीस ते लाजले. त्यानंतर मालवणच्या वहिनींचा नमुना आला, आणि दीडावरच लख्ख गुलाबी झाला. “भावजी, मासे तळायला तेल लागतेच किती?” वहिनी शांतपणे मला म्हणाल्या. “तव्यावर चमचाभर. उरलं तर त्याला वास. कोण पुन्हा वापरणार?” ज्या वासासाठी ते तेल बहिष्कृत झाले होते, त्या वासानेच त्याला पुनर्वापरापासून वाचविले होते, हे पाहून प्राध्यापकांना इतका आनंद झाला की तो त्यांनी लपवावयास हवा होता.

काकूंचे यजमान मात्र स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांनी तात्काळ आक्षेप घेतला, की माशाला हळद लावतात, हळद क्षारात तांबडी होते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे; सबब तांबड्या ठिपक्याच्या तेलाने हळदीचा गैरफायदा घेऊन गुलाबी होण्याची लबाडी केलेली आहे. हा मुद्दा शास्त्रीयदृष्ट्या अगदीच टाकाऊ नव्हता, म्हणून प्राध्यापकांनी तेल गाळून फेरमोजणी केली. पुन्हा दीडच. सर्वांत शुद्ध तेल निघाले ते पाचव्या मजल्यावरील विद्यार्थी भाडेकरूंचे, जवळजवळ शून्य. त्यांनी एकदा पापड तळण्याचा प्रयत्न केला होता, आणि पडदा पेटल्यावर तो सोडून दिला होता. माझ्या स्वतःच्या घरचा आकडा मी नोंदवहीत अशा अक्षरात टिपला आहे, की तो १ आहे की ९ हे पुढील काळातील इतिहाससंशोधकांवर सोपविणेच इष्ट. त्या रविवारनंतर काही आठवडे आमच्या इमारतीत तळणाचा वास आला नाही.

पहिल्या खेपेत बायोडिझेल झालेच नाही. झाला साबण. भांड्यातून पिवळट, लिबलिबीत, चमच्याने वाढता येईल असा एक पदार्थ निघाला, आणि प्राध्यापकांनी त्याचा पंचनामा करून तेलात पाणी होते असा निष्कर्ष काढला. कारण पाणी असले आणि मोकळे आम्लही असले की कॉस्टिक आपले नेमून दिलेले काम सोडून साबण करीत बसते. पाणी आले कोठून, याची चौकशी मजल्यागणिक झाली. उत्तर सर्वत्र एकच: इंधनासाठी तेल द्यावयाचे म्हणून प्रत्येकीने बाटली घासून, तीनतीनदा खळबळून, शुचिर्भूत करून मगच तिच्यात तेल भरले होते. उपवासाच्या डब्याच्या आजींनी तर वरून दोन थेंब गंगाजल शिंपडले होते. आणि भारतीय मानकाप्रमाणे एक किलो बायोडिझेलमध्ये पाणी असावे ते जास्तीत जास्त ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम! दुधातल्या पाण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या उदार दृष्टीने पाहत आलेल्या समाजावर असले मानक लादणाऱ्यांच्या आशावादाचे मला कौतुक वाटते. त्याच मानकात शेकडा साडेशहाण्णव एस्टर असावे असेही म्हटले आहे. इतके गुण आमच्या संस्थेत कोणाच्याही मुलाला नाहीत.

पुढच्या खेपेस तेल आधी तापवून, पाणी उडवून, मग क्रिया केली. परीक्षा अशी, की तीन भाग बायोडिझेल सत्तावीस भाग मिथिल अल्कोहोलात हलवून ठेवावयाचे. सर्व विरघळले तर काम फत्ते, आणि तळाशी तेलाचा थेंब दिसला तर तेवढे तेल अद्यापि तेलच आहे. त्या लहानशा बाटलीभोवती आम्ही असे वाकलो होतो, की ती रुग्ण असती तर डॉक्टरांनी आम्हास आत जाऊ दिले नसते. थेंब नव्हता. अध्यक्षांनी नारळ वाढविला. तळाशी बसलेल्या ग्लिसरीनवर महिला मंडळाचा डोळा होता, थंडीत हातापायांना लावण्यासाठी. त्यात अल्कोहोल आणि कॉस्टिक दोन्ही उतरलेले असते, तेव्हा ते लावल्यास भेगांबरोबर कातडीही जाईल, असे प्राध्यापकांनी सांगितल्यावर मंडळाने प्रकल्पाला दिलेला नैतिक पाठिंबा काढून घेतला.

हे बायोडिझेल डिझेलमध्ये मिसळून जनित्रात घातले, आणि जनित्र चालले. अर्धा तास चालले. मग खोकले आणि बंद पडले. मिस्त्रीने फिल्टर काढला, त्यातून डांबरासारखे काही बाहेर ओघळले, आणि तो माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहू लागला. बायोडिझेल हे उत्तम द्रावक असते. टाकीच्या भिंतींना जन्मापासून चिकटून बसलेला सगळा गाळ ते खरवडून काढते आणि फिल्टरमध्ये नेऊन कोंबते.

“साहेब, टाकी आतून आरशासारखी झालीय,” मिस्त्री म्हणाला.

“मग चांगले झाले की!”

“टाकीचं चांगलं झालं,” तो म्हणाला, आणि नव्या फिल्टरचे बिल लिहू लागला.

फिल्टरनंतर रबरी नळ्या फुगल्या, कारण जुन्या रबराशी या द्रवाचे जमत नाही. नळ्या बदलल्या, तोवर डिसेंबर उजाडला. शहरातील बहुतेक तळण पाम तेलात होते, आणि पामपासून झालेले एस्टर पंधरा-सोळा अंशांच्या सुमारास धुरकट होऊ लागते, ही माहिती आम्हास त्या पहाटे मिळाली, ज्या पहाटे थंडीचा पारा दहाच्या खाली होता, वीज गेली होती, आणि पहिल्या गाडीने मुंबईस निघालेले खजिनदार दोन मजल्यांच्या मध्ये उद्वाहकात उभे होते. जनित्राच्या नळीत बायोडिझेलचे चक्क लोणी झाले होते. ते वितळावे म्हणून रखवालदार गरम पाण्याच्या किटल्या आणीत होता. आणि आतून खजिनदार, प्रत्येक किटलीगणिक किती गॅस जळाला याचा हिशेब मोठ्याने विचारीत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी एका विक्रेत्यास पाचारण केले. हा गृहस्थ ‘बायोडिझेल’च विकीत असे, आणि तेही बाजारभावाहून पुष्कळच स्वस्त. तेलाचा रंग सुरेख होता, वासाने मात्र डोळ्यांस पाणी आले. २०२१ च्या सुमारास गुजरातेत आणि आपल्याकडेही याच नावाखाली भलतीच औद्योगिक द्रव्ये विकणाऱ्या पंपांवर धाडी पडल्या होत्या, याचे प्राध्यापकांना स्मरण होते. त्यांनी विचारले, “ज्वलनांक किती? मानकाप्रमाणे १०१ अंशांच्या वर हवा.” विक्रेता हसला. “हे टायर वितळवून तर काढलेले नाही ना? त्यात गंधक शेकडा एकाच्या आसपास असते, आणि आता पंपावरच्या डिझेलात ते दहा लाखांत दहा भागांवर चालत नाही.” विक्रेता पुन्हा हसला. “निदान प्रयोगशाळेचा दाखला तरी?”

“सर,” तो अत्यंत आदराने म्हणाला, “तुम्हाला दाखला पाहिजे की डिझेल पाहिजे?”

खजिनदार या प्रश्नाने क्षणभर विचारात पडले, हे मी पाहिले. इतिवृत्तात लिहिले नाही.

आता आमचे तेल एक परवानाधारक संग्राहक घेऊन जातो. तो सर्व पिंपे, बरण्या आणि डबे एकाच टाकीत रिकामे करतो आणि ‘वापरलेले खाद्यतेल, मिश्र’ अशी पावती देतो. ‘मिश्र’ या शब्दास दोन्ही ठिपक्यांच्या सभासदांनी हरकत घेतली, तेव्हा त्याचा माणूस पेन उघडून म्हणाला, “मग काय लिहू, भेसळ?” हरकत मागे घेण्यात आली. जनित्रात पुन्हा पंपावरचे डिझेल जाते.

काकूंना याचे समाधान होते. कारण प्रयोगाच्या दिवसांत, एकादशीस बांगड्याच्या बळावर वर चढणे त्यांना प्रशस्त वाटत नसल्यामुळे, जनित्र लागले की त्या तीन मजले पायी चढत. परंतु प्राध्यापकांना राहवले नाही. राष्ट्रीय जैवइंधन धोरणाप्रमाणे २०३० पर्यंत पंपावरच्याच डिझेलात शंभर लिटरांमागे पाच लिटर बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे, असे त्यांनी काकूंना जिन्यात गाठून सांगितले. आणि ते कोणाच्या घरचे, कोणत्या ठिपक्याचे, हे पंपवाल्यासही कळणार नाही, हेही सांगितले. तेव्हापासून काकू उद्वाहकाचे दार उघडण्यापूर्वी दर खेपेस रखवालदारास विचारतात, “काय रे, आज वीज आहे की बांगडे?”

“वीज आहे, आजी,” जनित्राच्या धडधडाटात ऐकू जावे म्हणून रखवालदार ओरडून सांगतो, आणि काकू आत शिरतात.